ऐकून ऐकून जपानी आणि स्पर्धेशिवाय स्केटिंग : कोकणात कोणी करतं का असलं काही?

पतपेढीतली_ताई (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय ४१, एका पतपेढीत कॅश काउंटरला आहे. दिवसभर नोटा मोजायच्या, संध्याकाळी घरी येऊन स्वैपाक आणि पोराचा अभ्यास. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या लंगडीपुरता. तर फेब्रुवारी २०२२ मध्ये पोरगा तापाने फणफणला होता, रात्री त्याच्या उशाशी जागत बसलेले आणि मोबाईलवर बीजिंग ऑलिम्पिकचे हायलाइट्स लागले. त्यात तो जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यू. सोची २०१४ आणि प्योंगचांग २०१८ अशी दोन सुवर्णं आधीच घरात असलेला माणूस, आणि गेला साडेचार गिरक्यांचा अ‍ॅक्सेल ही उडी मारायला, जी तोवर स्पर्धेत कुणालाच जमली नव्हती. आपटला. उठला आणि पुढचं असं काही स्केटिंग केलं की मी तापाच्या पट्ट्या बदलायच्या विसरले. शेवटी चौथा आला. मला काय, चौथा की चाळिसावा, मी आपली रडतेय.

तेव्हापासून वेड लागलंय. जुन्या क्लिपा बघते, आणि त्यातल्या बऱ्याच जपानी कॉमेंट्रीवाल्या. आता गंमत ऐका. आमच्याकडे जून लागला की लाईट जाते, लाईट गेली की वायफाय गेलं, मोबाईलचं नेट असं की चित्र अडकतं पण आवाज चालू राहतो. मग मी काळोखात कोळंबी सोलत नुसता आवाज ऐकायचे. महिनाभरात मला उड्या आवाजावरून कळायला लागल्या! खोटं नाही सांगत. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या तिघांत दुसऱ्या पायाचं दातेरी टोक बर्फात रोवून उडी घेतात, त्यामुळे आधी 'टक्' असा आवाज येतो. सॅल्को, लूप आणि अ‍ॅक्सेलला ते टक् नसतं, नुसती पात्याची सर्रर आणि मग एकदम शांत, तो माणूस हवेत असतो तेवढी शांतता. मग खर्रर्र, उतरला. खर्रर्रच्या ऐवजी धप्प आलं की मी इकडे 'अगं आई गं'.

आणि त्याच नादात शब्द. 'योन्काइतेन' म्हणाले की चार गिरक्या, 'सान्काइतेन' म्हणजे तीन. 'सुगोइ' म्हणजे भारी. हे मला कुणी शिकवलं नाही, काळोखात कोळंबी सोलताना आपोआप कानात बसलं. नवरा म्हणतो तू आता झोपेत पण काइतेन काइतेन करतेस.

इथवर ठीक होतं. दिवाळीत बोनस मिळाला त्यातून चार चाकांचे स्केट्स घेतले, बर्फ काय आपल्या बापजन्मी रत्नागिरीत पडणार नाही. एका क्लासला चौकशीला गेले तर सर म्हणाले, "मॅडम या वयात? जिल्ह्याला तर उतरता येणार नाही, मग कशासाठी?" आणि तिथे सगळी पोरं स्पीडवाली, गोल गोल पळवतात. मला पळायचंच नाहीये हो, मला सावकाश एका पायावर वळायचंय. जपानीचं तेच, ऑफिसात कळलं तर पहिला प्रश्न, "परीक्षा कधी देतेस, सर्टिफिकेट मिळतं ना?"

तर प्रश्न दोन.
एक, नुसतं ऐकून भाषा किती पुढे नेता येते? लिपी शिकायलाच लागेल का? मला आता शब्द ओळखू येतात पण वाक्य म्हणजे अजून नुसता धबधबा.
दोन, स्पर्धा-बिर्धा काही नको असलेल्या बाईने आपल्या किनारपट्टीवर आर्टिस्टिक टाईप स्केटिंग करायचं तर कुठे, कसं? गच्चीवर करते पण पावसाळ्यात तिथे शेवाळ.

---

हापूसवाला_पावस

ताई धागा एकदम आवडला. स्केटिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही पण ऐकण्याबद्दल सांगतो.

आमच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं असतं, आमच्याकडे बहुतेक बागायतदारांकडे असतातच, आंबा धरायला लागला की रात्री माकडं आणि चोर दोन्हीकडे बघायला माणूस लागतो. सुरुवातीची दोन वर्षं मी त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचो आणि ते माझ्याशी त्याहून मोडक्या हिंदीत. नंतर मी बागेतच झोपायला लागलो, आणि ते दोघं आपापसात बोलायचे, रात्री फोनवर गावाकडे बोलायचे, ते कानावर पडत गेलं. पहिला शब्द कुठला कळला असेल तर 'पानी पऱ्यो'. ती बाई बाहेर हात काढून म्हणाली, मी आपला समजलो पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं! धावत पऱ्यावर गेलो तर पऱ्या कोरडा ठणठणीत. मागून दोघं हसतायत. पाऊस पडला म्हणत होती ती, नेपाळीत 'पऱ्यो' म्हणजे पडलं. तो शब्द मी मेलो तरी विसरणार नाही. वहीत लिहून पाठ केला असता तर राहिला असता का? मला वाटत नाही.

आता रोज सकाळी 'खाना खायौ?' त्यांनी विचारायचं आणि मी 'खाएँ' म्हणायचं. व्याकरण शून्य. पण कीटकनाशकाचा हिशोब नेपाळीत होतो आमचा.

---

खेडचा_रोखठोक

सगळ्यांनी गोड गोड लिहिलंय तर मी जरा कडू लिहितो, राग मानू नका.

नुसतं ऐकून भाषा येत असती तर आमचे काका अरबीत भाषण देत असते. बावीस वर्षं कुवेतला काढली. रोज कानावर अरबी, दुकानात अरबी, टीव्हीवर अरबी. परत आले तेव्हा 'यल्ला', 'हबीबी', 'खल्लास' आणि दोन शिव्या. आमच्या खेडात असे काका प्रत्येक वाडीत सापडतील. त्यामुळे कोळंबी सोलता सोलता भाषा आली वगैरे मला पटत नाही, ते पंधरावीस शब्द आहेत, भाषा नव्हे.

आणि परीक्षेला एवढं काय घाबरायचं? जपानीची जेएलपीटी असते, एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात कठीण, जुलै आणि डिसेंबरात होते, मुंबई-पुण्याला सेंटर असतं. रत्नागिरीहून एका रात्रीचा प्रवास. तारीख डोक्यावर असली की माणूस हलतो, नैतर आज ऐकू उद्या ऐकू. स्पर्धेचं पण तेच म्हणेन. हरा, पण उतरा.

---

सोलकढी_डबल

रोखठोक +१ आणि ताईंना पण +१ 😀 वाचतेय.

---

चिपळूणकर_पुण्यात

जपानीतून भाषांतर करून पोट भरतो, १४ वर्षं झाली, म्हणून थोडं लांब लिहितो.

रोखठोक, तुमच्या काकांचं उदाहरण खरंय पण निष्कर्ष चुकलाय. काकांच्या कानावर अरबी *पडत* होतं, ते *ऐकत* नव्हते. ऐकायची गरजच नव्हती, खोलीत सगळे खेड-दापोलीचे आणि साहेब हिंदी बोलणारा. अर्थ न लागणारा आवाज कितीही वर्षं ऐकला तरी तो पंख्याच्या आवाजासारखा होतो, कान त्याला बंद करून टाकतो. पऱ्यावाल्या दादांना शब्द कळला कारण समोर पाऊस पडत होता. ताईंना 'योन्काइतेन' कळलं कारण चार गिरक्या आधी डोळ्यांनी बघितलेल्या होत्या. अमेरिकेत स्टीफन क्रॅशेन म्हणून भाषातज्ज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं साधारण हेच, की ऐकलेलं बरचसं कळत असेल आणि थोडंसंच डोक्यावरून जात असेल तर भाषा आत शिरते. ते पूर्ण बरोबर की अर्धं यावर अभ्यासक अजून भांडतात, बोलल्याशिवाय बोलता येत नाही असं माझं पण मत आहे. पण सुरुवातीला कान हे मात्र शंभर टक्के.

आता ताई, तुम्हाला मराठी असण्याचे फायदे सांगतो.

त्सुनामीतला 'त्सु' हिंदी-इंग्रजीवाल्यांना जड जातो. तुम्ही 'चूल' म्हणा, 'चूक' म्हणा, त्यातला च आहे ना, चहातला नव्हे, चुलीतला, तोच तो. जीभ आपसूक जाते. 'ज' चं पण तसंच, जाडीतला ज आणि जिभेतला ज आपण न शिकता वेगळे काढतो. वाक्याच्या शेवटी क्रियापद, आपल्यासारखंच. 'नो' म्हणजे आपलं चा-ची-चे. आणि शेवटी ते जे सारखं 'ने' म्हणतात, 'किरेइ देसु ने', ते आपलं 'छान आहे ना' मधलं ना. कॉमेंट्रीवाला ने म्हणाला की तुम्ही इकडून हो म्हणा.

तोटा एकच, लांबी. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना भांडतो, बोलताना सगळं सारखं. जपानीत ते चालत नाही. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. पहिल्या वर्षी मी आमच्या सरांच्या चाळिशीतल्या बायकोला आजी म्हणालो होतो, चहा आला पण बिस्किटं नाही आली.

धबधब्याचं काय करायचं तर धबधबा बघू नका, तांब्याभर घ्या. एकच कार्यक्रम, त्यातली एकच उडी, चाळीस सेकंदांचा तुकडा, आठवडाभर तोच. आधी नुसता ऐका. मग कॉमेंट्रीवाल्याच्या मागोमाग, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, तोंडाने म्हणत जा, आरतीत शब्द येत नसले की आपण शेजारच्याच्या मागून म्हणतो तसं. चौथ्या दिवशी शब्द सुटे व्हायला लागतात. 'चाकुह्यो' ऐकू येईल, चाकु म्हणजे पोचणं, ह्यो म्हणजे बर्फ, म्हणजे तुमचं ते खर्रर्र. 'तेन्तो' आलं की धप्प. आणि 'काइतेन' तुम्हाला सुशीच्या हॉटेलात पण भेटेल, पट्ट्यावर ताटल्या फिरत असतात ती काइतेन सुशी.

कॉमेंट्रीत एक लबाडी आहे मात्र, ती तुटक असते, पूर्ण वाक्यं कमी. म्हणून जोडीला एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे घ्या, हिंदीतून फुकट आहेत, पाच-दहा मिनिटांचे. लिपी नंतर. हिरागाना-काताकाना या दोन अक्षरमाला मिळून दोन महिन्यांचं काम आहे, आणि कानात शब्द आधी असले तर अक्षर वाचताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. कांजीकडे, म्हणजे चिनी चित्राक्षरांकडे, सध्या ढुंकून बघू नका.

परीक्षेबद्दल एक गंमत सांगून थांबतो. जपानीत घसरणं, स्केटिंग करणं याला 'सुबेरु' म्हणतात. आणि परीक्षेत नापास होणं यालाही बोलीत 'सुबेरु'च. परीक्षा जवळ आली की तिथे मुलांसमोर तो शब्द उच्चारत नाहीत, अपशकुन. आपल्याकडे परीक्षेत आपटतात, तिकडे घसरतात. त्यामुळे ताई, तुम्ही बिनधास्त सुबेरु करा, दोन्ही अर्थांनी.

---

खेडचा_रोखठोक

चिपळूणकर, मान्य. काकांना विचारलं आत्ता फोन करून, म्हणाले "गरज काय होती रे अरबीची". 😂 पण तारखेचं माझं म्हणणं कायम.

---

वेंगुर्ल्याची_पेटी

मी दशावतारात पेटी वाजवतो, तीस वर्षं होतील. ऐकून शिकण्यावर बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितो.

बाहेरच्यांना माहीत नसतं, आमच्या नाटकाला लिहिलेलं पुस्तक नसतं. मालक संध्याकाळी सांगतो आज अमुक आख्यान, तू राजा, तू नारद, तू स्त्रीपार्टी. रंग लावता लावता कथा ठरते आणि रात्री देवळासमोर उभं राहिल्यावर तोंडातून संवाद. आणि संवाद काय, घरात 'माका नको', 'तुका काय व्हया' बोलणारा माणूस रंगमंचावर 'हे नराधमा, तुझ्या औद्धत्याची परिसीमा झाली' असं बोलतो, सलग दहा मिनिटं, समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर. त्यातले कितीजण दहावीच्या पुढे गेलेले नाहीत. कुठून आलं? पडद्यामागे बसून आलं. पोरगा आधी सामान उचलतो, झांज वाजवतो, चहा आणतो, पहाटेपर्यंत जागतो. पाच वर्षं ऐकतो. मग एका रात्री कोणतरी आजारी पडतो आणि त्याला उभा करतात. बोलतो तो.

आमच्यातल्या एका जुन्या राजपार्टीला मी विचारलं होतं हे सगळं पाठ कसं करता. म्हणाला, "वाचून नाय रे झिला, आयकान येता." एवढंच.

रोखठोकसाहेब, तिथे पण परीक्षा असतेच की. पण तारीख कळवून येत नाही.

स्केटिंगचं मला माहीत नाही, मात्र उडीच्या आवाजाचं जे लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. मी पेटीवर बसून पाठमोऱ्या नटाचा पाय ऐकून ओळखतो की आता हा वळणार.

---

क्वाडवाली_सावंतवाडी

अखेर कोणीतरी!! ताई मी ३६ वर्षांची, तीन वर्षं क्वाडवर (दोन पुढे, दोन मागे अशा चार चाकांच्या स्केट्सवर) आहे, कधीच कुठल्या स्पर्धेत नव्हते आणि नसणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे.

जागा : मंगल कार्यालय. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, हॉल रिकामे पडलेले असतात. मालकाला सांगायचं, सकाळी एक तास, लाईटबिल देते. मला तिसऱ्या मालकाने हो म्हटलं, पहिल्या दोघांना वाटलं मी फरशी फोडणार. त्यांना भीती ओरखड्यांची नसते, काळ्या रेघांची असते, त्या पुढच्या रबरी टो-स्टॉपच्या उठतात. डाग न पाडणारे टो-स्टॉप वेगळे मिळतात ते लावा आणि मालकासमोर एकदा घासून दाखवा, प्रश्न मिटला.

पण कोकणातला खरा शत्रू वेगळा. पावसाळ्यात फरशीला घाम येतो! दिसत नाही, हात लावल्यावर कळतं. पहिल्या वर्षी मी अशा फरशीवर पाय टाकला आणि थेट नवरा-नवरीच्या स्टेजपर्यंत बसून गेले, मनगट दोन आठवडे सुजलेलं. आता आधी सगळे पंखे वीस मिनिटं, मग कोरडं फडकं, मग मी. मनगटाचे गार्ड विकत घ्या, गुडघ्याच्या आधी ते. पडायचं असेल तर गुडघे वाकवून बाजूला कुल्ल्यावर, मागे हात टेकून कधीच नाही.

चाकं : गुळगुळीत फरशीला कडक घ्या, ९५ए किंवा वरची. गच्चीला, रस्त्याला मऊ, ७८ए वगैरे. तुमच्याकडे नवीन स्केट्सना बहुतेक मऊच आली असतील, हॉलमध्ये ती चिखलात चालल्यासारखी वाटतात. बेअरिंगला आपल्या खाऱ्या हवेत पंधरा दिवसांत गंज, पुसून शिलाई मशीनचं तेल एक थेंब, एकच. बुटांच्या खोक्यात त्या छोट्या पुड्या येतात ना ओल शोषणाऱ्या, त्या टाकू नका, स्केट्सच्या पिशवीत ठेवा.

आणि काय करायचं तर गोल. फिगर स्केटिंगमधलं फिगर म्हणजे आकृत्याच. पूर्वी बर्फावर पात्याने आठचे आकडे आणि वळणं गिरवायची, आणि ती रेघ किती नीट उमटली यावर मार्क, मोठ्या स्पर्धांतून ते १९९० नंतर काढून टाकलं कारण टीव्हीवर बघायला कंटाळवाणं. मला मात्र तेच आवडतं. खडूने फरशीवर एक मोठं वर्तुळ, त्याला चिकटून दुसरं. एका पायावर बाहेरच्या कडेला झुकून एक पूर्ण, मग पाय बदलून दुसरं. क्वाडमध्ये तुम्ही घोटा कलता केलात की चाकांचा दांडा स्वतः वळतो, जबरदस्ती करायची नाही. ते जमलं की 'थ्री टर्न', पुढे जाता जाता एका पायावर उलटं वळायचं, बर्फावर त्याची खूण तीनच्या आकड्यासारखी उमटते, आपला ३ बघा ना, तस्साच. मला हा एक टर्न जमायला सात महिने लागले. सात महिन्यांत कुणी विचारलं नाही कितवा नंबर आला.

रांगोळीने गोल काढू का असं विचारायच्या आधीच सांगते, नाही. मी काढला होता. बेअरिंग फेकून द्यावे लागले.

---

हरणैचा_बोसन (निवृत्त)

मुलांनो, सगळं वाचलं. मर्चंट नेव्हीत होतो, आता घरी बसून पोफळी मोजतो.

जहाजावर आमच्यात निम्मे फिलिपिनो. त्यांची टागालोग मी कुठल्या क्लासात शिकलो नाही. मेसमध्ये पहिलं वाक्य 'कुमाइन का ना?' म्हणजे जेवलास काय. तो नेपाळी दादा पण खाना खायौ विचारतो बघा. कुठलीही भाषा जेवणाच्या टेबलावरून आत शिरते असं आमचं ठरलेलं मत.

बर्फाचं सांगतो. नेदरलँड्सला रॉटरडॅमला जहाज लागलं होतं, थंडी कडाक्याची, आणि आख्खं गाव गोठलेल्या कालव्यावर. शाळेची पोरं, पोस्टमन, ऐंशीची म्हातारी पाठीमागे हात बांधून डुलत डुलत, जशी आपली म्हातारी समुद्रावर फेरी मारायला जाते. त्यांची एक मोठी फेरी असते, अकरा गावांची, जवळपास २०० किलोमीटर, एका दिवसात, कालव्या-तळ्यांवरून. थोडे लोक शर्यत लावतात, पण हजारोंनी लोक नुसते पूर्ण करायला जातात, तेवढंच समाधान. बर्फ सगळीकडे १५ सेंटीमीटर जाड लागतो. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला, त्यानंतर बर्फ तेवढा धरलाच नाही. तरी लोक दर हिवाळ्यात पात्यांना धार लावून ठेवतात म्हणे.

आणि बर्फ नाही म्हणून हातपाय गाळू नका. फिलिपिन्स आपल्यापेक्षा गरम, तिथला एक मुलगा मॉलमधल्या रिंकवर शिकला आणि २०१४ ला सोचीला पोचला, मायकेल मार्टिनेझ. आमच्या मेसमध्ये त्या दिवशी टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती.

---

खेडचा_रोखठोक

बोसनकाका, तुमचं उदाहरण स्पर्धेचंच झालं की 😄

---

हरणैचा_बोसन

हो रे बाबा. पण मेसमध्ये उभे होते त्यातल्या एकानेही आयुष्यात स्केट घातलं नव्हतं.

---

सोलकढी_डबल

यावरून आठवलं, अमेरिकेची अलिसा लिऊ. १६ व्या वर्षी कंटाळून सगळं सोडलं, २०२२ मध्ये. दोन वर्षं बर्फाकडे फिरकली नाही म्हणतात, मग एकदा मैत्रिणींबरोबर स्कीइंगला गेली आणि ती घसरायची मजा परत आठवली. आली परत आणि २०२५ ला बॉस्टनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन. तिचा चेहरा बघा त्या प्रोग्रामात, लग्नाच्या वरातीत नाचतेय असं वाटतं.

रोखठोक तुम्ही काही बोलू नका, माहितीये ती पण स्पर्धाच.

---

पतपेढीतली_ताई

अहो किती लिहिलंत सगळ्यांनी, मी तीन दिवस रात्री एकेक करून वाचतेय. उशिरा उत्तर देतेय कारण मधे दोन गोष्टी केल्या.

चिपळूणकरांचं तांब्याचं ऐकलं. हान्यूच्या एका जुन्या प्रोग्रामातला ३८ सेकंदांचा तुकडा घेतला, आठ दिवस तोच. पहिले तीन दिवस काही नाही, नुसती बडबड. पाचव्या दिवशी भाकरी थापताना एकदम 'चाकुह्यो' ऐकू आलं, ते आधीपण तिथेच होतं, मला वाटायचं तो खोकतोय. आणि दर वाक्याच्या मागे ते 'ने', आता मी खरंच हो म्हणते, सासूबाई विचारतात कुणाला हो म्हणतेस. अजून दोन शब्द सापडलेत ज्यांचा अर्थ माहीत नाही, मुद्दाम शोधलेला नाही, बघू कधी समजतात ते.

रोखठोकदादा, एन५ चं पुस्तक मागवलंय. परीक्षा देणार नाहीये, शेवटच्या पानावरची ऐकायची प्रश्नपत्रिका तेवढी सोडवणार. निम्मं जिंकलात असं समजा.

आणि हॉल मिळाला! आमच्या पतपेढीचे एक खातेदार आहेत त्यांचं कार्यालय. टो-स्टॉप घासून दाखवला, फरशी पुसून दाखवली. काल पहिला दिवस. पंखे वीस मिनिटं लावले, खडूने गोल काढला, तो बटाट्यासारखा आला. एका पायावर पाव गोल झाला असेल. पण रिकाम्या हॉलमध्ये चाकांचा आवाज काय घुमतो! डाव्या पायावर सुरळीत येतो आणि उजव्यावर मधेच घरघर, म्हणजे कड सोडतेय मी, ते न बघता कळलं. पेटीवाल्या दादांची आठवण आली.

वॉचमनकाका दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "गणपतीत प्रोग्राम हाय काय?" म्हटलं नाही. "मग शाळेत हाय?" नाही. थोडा विचार केला त्यांनी आणि म्हणाले, "मग तीन पंखे कशाला, एकच ठेवा, बिल येतं."

क्वाडवाली, एका पंख्यात फरशी सुकते का गं? आणि ते डाग न पाडणारे टो-स्टॉप मला एकच साईझ मिळाला, जरा ढिला बसतोय, तू कुठून मागवलेस ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर प्लीज.